पायरोच्या निगेटिव्हची डेन्सिटी कशी मोजावी

पायरोमध्ये, म्हणजे पायरोगॅलॉल किंवा पायरोकॅटेचिन असलेल्या डेव्हलपरमध्ये, डेव्हलप केलेली पहिली निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवली की बहुतेकांचा अंदाज फसतो. मंगेशीच्या पांढऱ्या दीपस्तंभावरचं एप्रिलचं ऊन निगेटिव्हमध्ये चांगलं काळं उतरायला हवं, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिथे पिवळट-हिरवट करडी छटा दिसते. डेव्हलपमेंट कमी पडली असं वाटून पुढच्या रोलला दोन मिनिटं जास्त दिली जातात, आणि प्रिंट काढायला बसल्यावर दीपस्तंभाच्या जागी कोरा कागद राहतो. खरं तर पहिल्या निगेटिव्हमध्ये काही कमी नव्हतं. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, आणि प्रिंटचा कागद निळ्याला. पायरो फिल्मवर जो पिवळा रंग सोडतो, म्हणजे स्टेन, तो निळा प्रकाश अडवतो, म्हणून डोळ्याला जे पातळ वाटतं ते कागदाला दाट असतं.

स्टेन असलेल्या निगेटिव्हला एकच एक डेन्सिटी नसते, हे सुरुवातीलाच पक्कं धरून चाला. ज्या प्रकाशात आणि ज्या कागदावर छापणार, त्याप्रमाणे आकडा बदलतो. त्यामुळे मोजमापही त्याच कागदाच्या नजरेतून करायचं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, ही नवख्यांसाठी मोठीच सोय आहे.

थोडी पार्श्वभूमी

डेन्सिटी म्हणजे निगेटिव्ह किती प्रकाश अडवते त्याचं लॉगरिदमिक माप. हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये १८९० साली हा विचार मांडला आणि तो आजही तसाच वापरात आहे. निम्मा प्रकाश पार गेला तर डेन्सिटी ०.३०, दहावा हिस्सा गेला तर १.००, शंभरावा गेला तर २.००. कॅमेऱ्याच्या भाषेत एक स्टॉप म्हणजे ०.३०. एवढं लक्षात राहिलं की पुढचं सगळं गणित तोंडी होतं.

साध्या डेव्हलपरमध्ये फक्त चांदीचे कण तयार होतात. ते करडे असतात, सगळ्या रंगांचा प्रकाश साधारण सारखाच अडवतात, म्हणून कोणत्याही प्रकाशात मोजलं तरी आकडा जवळपास तोच येतो. पायरोगॅलॉल किंवा पायरोकॅटेचिन वापरलं की चांदीच्या जोडीला डेव्हलपरचं ऑक्सिडेशन होऊन झालेला रंग जिलेटिनमध्ये बसतो आणि जिलेटिन कडकही होतं. जिथे चांदी जास्त तिथे स्टेन जास्त. गॉर्डन हचिंग्ज यांचा पीएमके हा पायरो डेव्हलपर पिवळा-हिरवा स्टेन देतो, सँडी किंग यांचा पायरोकॅट-एचडी तपकिरीकडे झुकतो. शिवाय सगळ्या फिल्मवर सारखा पसरलेला थोडा स्टेनही असतो. तो चित्राचा भाग नाही, नुसता प्रिंटचा वेळ वाढवतो.

व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागदावर आणखी एक गोष्ट घडते. या कागदाचा निळ्याला जागणारा भाग कडक, म्हणजे जास्त काँट्रास्टचं, चित्र देतो आणि हिरव्याला जागणारा भाग मऊ. पिवळा स्टेन म्हणजे निगेटिव्हच्या आतच बसलेला पिवळा फिल्टर, आणि तो सगळ्यात गडद असतो हायलाइटमध्ये. म्हणून हायलाइट आपोआप मऊ होतात. चुन्याच्या भिंतीवरचं भर दुपारचं ऊन आणि मागच्या कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) गर्द सावली एकाच फ्रेममध्ये घ्यायची असेल तर ही मोठी मदत आहे, आणि गोव्यात फोटो काढणाऱ्याने पायरो शिकावा असं मला मनापासून वाटतं ते यासाठीच. मात्र हेच मऊपण डेन्सिटोमीटरच्या, म्हणजे डेन्सिटी मोजायच्या यंत्राच्या, एका आकड्यात दिसत नाही.

आधी सुरक्षितता

पायरोगॅलॉल आणि पायरोकॅटेचिन दोन्ही विषारी आहेत आणि त्वचेतून शरीरात जातात. नायट्राइलचे हातमोजे कायम घाला. पावडर तोलताना मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा. नवख्यांनी पावडरच्या वाटेला न जाता तयार द्रावण घेतलेलं उत्तम. स्वयंपाकघरातली भांडी, चमचे यात आणू नका. वापरलेला डेव्हलपर विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नका. आपल्याकडे बऱ्याच घरांत पिण्याचं पाणी अजून विहिरीचं असतं.

काय जमवायचं

खरी गुंतवणूक एकच आहे: मोजलेला स्टेप वेज, म्हणजे ठरावीक डेन्सिटीच्या पायऱ्या असलेली फिल्मची पट्टी. स्टॉफर कंपनीची टी-२११५ ही पट्टी पुरेशी आहे. तिच्यावर २१ पायऱ्या असतात, पहिली ०.०५ ची, पुढची प्रत्येक ०.१५ ने वाढत शेवटची ३.०५. म्हणजे दोन पायऱ्या म्हणजे एक स्टॉप. या पट्टीत फक्त चांदीचे कण आहेत, स्टेन नाही, म्हणून ती सर्व प्रकाशांत जवळपास सारखीच वागते. सगळी पद्धत या एका गुणावर उभी आहे.

बाकी तुम्ही रोज वापरता तोच प्रिंटचा कागद, जाड स्वच्छ काच, काळा कार्ड आणि वही. पट्टी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जून ते सप्टेंबर गोव्याच्या दमट हवेत जिलेटिनवर बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि बुरशी धरलेली पट्टी मोजायला निकामी होते.

चाचणीची फिल्म

चुना लावलेली, एकसारखी उजळलेली भिंत सावलीत शोधा. लेन्स अनंतावर फोकस करा म्हणजे भिंतीचा खडबडीतपणा पुसला जाईल. भिंत भरून फ्रेम घ्या आणि मीटरने रीडिंग घ्या. हा झाला झोन पाच. झोन म्हणजे उजेडाची पायरी: एक स्टॉप कमी-जास्त झाला की झोन एकाने बदलतो, म्हणून चार स्टॉप कमी म्हणजे झोन एक आणि तीन जास्त म्हणजे झोन आठ. एक फ्रेम लेन्सला झाकण लावून कोरी सोडा, मग रीडिंगपेक्षा चार स्टॉप कमी, दोन स्टॉप कमी, बरोबर रीडिंगवर, दोन जास्त, तीन जास्त, पाच जास्त अशा फ्रेम काढा. ढग येत-जात असतील तर दर फ्रेमला रीडिंग पुन्हा तपासा.

डेव्हलपिंगमध्ये तापमानाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. उन्हाळ्यात टाकीचं पाणी सहज २८-३० अंशांवर असतं आणि पायरोच्या बहुतेक कोष्टकांत २० ते २१ अंश गृहीत असतात. बर्फाच्या बाटल्या घालून टब थंड करता येतो, पण ते तापमान शेवटपर्यंत टिकवणं कष्टाचं आहे. त्यापेक्षा २४ अंश हेच तुमचं कायमचं तापमान ठरवा आणि वेळ त्याप्रमाणे कमी करून चाचणी घ्या. बारा महिने पाळता येईल असं तापमान हवं, कारण ते बदललं की चांदी आणि स्टेन दोन्ही बदलतात, तेही एकाच प्रमाणात बदलतील याची खात्री नसते. पीएमकेचं नेहमीचं प्रमाण (द्रावण ए : द्रावण बी : पाणी) १:२:१०० आणि पायरोकॅटचं १:१:१००. वापरायच्या अगदी आधी मिसळा.

स्टॉप बाथच्या जागी साधं पाणी आणि कडक न करणारा, अल्कलाइन किंवा न्यूट्रल फिक्सर वापरा. फिक्सिंग पूर्ण होऊ द्या. अर्धवट फिक्स झालेल्या फिल्ममध्ये उरलेलं सिल्व्हर हॅलाइड निळा प्रकाश अडवतं आणि तुम्ही त्याला स्टेन समजून बसाल. काही फिल्मांचा गुलाबी-जांभळा रंगही नीट धुवून काढा, कारण तो हिरव्या प्रकाशातलं माप वाढवतो. वापरलेल्या डेव्हलपरमध्ये फिल्म पुन्हा बुडवून स्टेन वाढवायची जुनी रीत अजून सांगितली जाते. माझं मत विचाराल तर ती सोडून द्या. तिने वाढतो तो मुख्यतः सगळीकडे सारखा पसरलेला स्टेन, जो चित्राला काहीच देत नाही.

पावसाळ्यात फिल्म वाळायला वेळ लागतो. ओलसर फिल्मचं माप घेऊ नका. आणि दमट फिल्म काचेखाली दाबली तर काचेला चिकटते.

कागदालाच मोजायला लावा

आता मुख्य काम. एन्लार्जरचा हेड वर घ्या, कॅरिअर रिकामा ठेवा, लेन्स एफ/८ वर. प्रकाशाचा चौकोन कागदापेक्षा बराच मोठा पडू द्या, म्हणजे मध्यभागी तो एकसारखा मिळेल. नेहमीच्या प्रिंटला जो फिल्टर लावता तोच लावा, समजा ग्रेड २. (ग्रेड म्हणजे काँट्रास्टचा क्रमांक: आकडा मोठा तितकं चित्र कडक.)

कागदावर स्टेप वेज आणि चाचणीच्या निगेटिव्ह शेजारी-शेजारी, इमल्शन खाली करून ठेवा, वर काच. दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रकाशात, एकाच कागदावर छापले जाणार आहेत. दिव्याचा व्होल्टेज वरखाली झाला, डेव्हलपर थोडा थकलेला असला, वेळ अर्धा सेकंद चुकला, तरी फटका दोघांनाही सारखाच बसतो आणि तुलना खरी राहते. पावसाळ्यात वीज जशी नाचते ते पाहता आपल्या भागात याहून भरवशाची पद्धत मला दुसरी दिसत नाही.

एक्सपोजर द्या, कागद पूर्ण वेळ डेव्हलप करा, फिक्स करा, धुवा आणि वाळवा. वाळल्यावर टोन थोडा गडद होतो, म्हणून ओल्या प्रिंटवर निर्णय नको.

काळ्या कार्डात दोन छोटी सारखी छिद्रं पाडा. एक छिद्र निगेटिव्हच्या एका फ्रेमच्या ठशावर ठेवा (पुढे निगेटिव्हमधल्या त्या फ्रेमलाही ठसाच म्हटलं आहे), दुसरं वेजच्या पायऱ्यांवरून सरकवत न्या. ज्या पायरीशी करडा टोन जुळतो, त्या पायरीची डेन्सिटी हीच त्या ठशाची प्रिंटिंग डेन्सिटी. सातव्या पायरीशी जुळला तर ०.९५, आठवीशी जुळला तर १.१०, दोघांच्या मधे वाटला तर साधारण १.०२. डोळ्याने अर्ध्या पायरीपर्यंत अचूक सांगता येतं, म्हणजे पाव स्टॉप. डार्करूमच्या कामाला तेवढं पुरेसं आहे.

ही तुलना मधल्या करड्या टोनमध्येच विश्वासाची असते. काळ्याजवळ आणि पांढऱ्याजवळ कागदाला फरक दाखवता येत नाही. म्हणून एकाच प्रिंटवर सगळे ठसे वाचायचा हट्ट नको. कमी एक्सपोजरची एक प्रिंट पातळ ठशांसाठी, चौपट एक्सपोजरची दुसरी दाट ठशांसाठी. प्रत्येक ठसा ज्या प्रिंटवर मध्यम करडा आला असेल, तिथेच वाचा.

कोऱ्या फ्रेमची डेन्सिटी सगळ्या आकड्यांतून वजा करा. ती फिल्मचा बेस (प्लास्टिकचा थर), फॉग (प्रकाश न पडताही येणारा काळेपणा) आणि पसरलेला स्टेन यांची बेरीज आहे. उरलं ते चित्राचं.

हेच पुन्हा दोनदा करा: एकदा ग्रेड ००च्या पिवळ्या फिल्टरखाली, एकदा ग्रेड ५च्या किरमिजी फिल्टरखाली. पिवळ्यातून मुख्यतः हिरवा प्रकाश जातो, तिथे स्टेनचा हिशेब कमी लागतो. किरमिजी फिल्टर हिरवा अडवून निळा सोडतो, तिथे स्टेन पूर्ण ताकदीने मोजला जातो. एकाच ठशाचे हे दोन आकडे शेजारी लिहिले की स्टेनचा वाटा समोर दिसतो. झोन तीनच्या ठशात फरक अगदी थोडा असेल, झोन आठमध्ये बराच. फरक सगळीकडे सारखाच आला तर तुमचा स्टेन चित्राप्रमाणे वाढत नाही, फिल्मवर नुसता पसरला आहे. मग डेव्हलपरचा ताजेपणा आणि हलवण्याची पद्धत तपासा.

डेन्सिटोमीटर मिळालाच तर

छपाईच्या व्यवसायातून निघालेले जुने डेन्सिटोमीटर कधीकधी विकायला येतात. ते प्रिंट वाचणारे आहेत की फिल्म, हे आधी विचारा. फिल्मसाठी ट्रान्समिशनचा लागतो, रिफ्लेक्शनचा उपयोग नाही.

रंगीत ट्रान्समिशन डेन्सिटोमीटरवर व्ही, सी, एम आणि वाय अशी चार रीडिंग असतात. नवखे लोक वाय म्हणजे पिवळ्या फिल्टरमधून घेतलेलं माप समजतात. ते उलट आहे. वाय म्हणजे पिवळ्या रंगाची डेन्सिटी, आणि ती मोजली जाते निळ्या प्रकाशात. आपल्याला हवं असलेलं निळं रीडिंग ते हेच. एम हे हिरव्या प्रकाशातलं. व्ही हे डोळ्यासारखं, आणि स्टेनच्या बाबतीत दिशाभूल करणारं. ग्रेडेड, म्हणजे एकाच ठरलेल्या ग्रेडच्या, कागदासाठी वाय पाहा. व्हेरिएबल कॉन्ट्रास्टसाठी वाय आणि एम दोन्ही लिहा, खरा आकडा त्यांच्या मधे कुठेतरी असतो आणि कुठे ते फिल्टरवर ठरतं. यंत्राच्या निळ्या फिल्टरचा आणि कागदाचा निळा अगदी एक नसतो, म्हणून यंत्र असलं तरी वरची कागदाची चाचणी एकदा कराच.

स्पॉटमीटर आणि लाइट बॉक्सनेही मोजता येतं. लेन्ससमोर रॅटन ४७ हा निळा फिल्टर धरा, रिकाम्या लाइट बॉक्सचं आणि ठशाचं रीडिंग घ्या, स्टॉपमधला फरक गुणिले ०.३०. मीटरचा सेल निळ्याला मंद असतो आणि फिल्टर खूप प्रकाश खातो, त्यामुळे दाट ठशांवर हे डळमळतं.

त्याहून मोबाइलचा पडदा बरा. पूर्ण निळा रंग भरलेलं चित्र पडद्यावर उघडा, रात्रीचा पिवळा मोड बंद करा, वर दुधी ॲक्रिलिक ठेवून निगेटिव्ह आणि वेज दोन्ही एका फ्रेममध्ये डिजिटल कॅमेऱ्याने रॉ फाइलमध्ये टिपा. आजूबाजूचा उघडा पडदा काळ्या कार्डाने झाका, नाहीतर विखुरलेला प्रकाश दाट ठसे पातळ दाखवेल. मग फक्त निळ्या चॅनलमध्ये ठसा कोणत्या पायरीशी जुळतो ते पाहा. वीज गेली तरी हे काम चालतं.

आकड्यांचं करायचं काय

समजा झोन आठचा ठसा व्ही चॅनलवर १.२० आणि कोरी फ्रेम ०.२८, म्हणजे ०.९२. वाय चॅनलवर १.५६ आणि ०.३६, म्हणजे १.२०. ग्रेड २च्या कागदाचा आवाका, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत तो निगेटिव्हमधला डेन्सिटीचा जेवढा फरक दाखवू शकतो तो, साधारण १.१० असतो, ग्रेड ३चा ०.९०. व्ही वर विश्वास ठेवला तर तुम्ही ग्रेड ३ उचलाल आणि ग्रेडेड कागदावर हायलाइट जळून जातील. वाय सांगतं की ही निगेटिव्ह ग्रेड २लाही किंचित जास्त आहे. कागदाच्या चाचणीत ग्रेड २ फिल्टरखाली १.०५ आलं असेल, तर व्हेरिएबल कॉन्ट्रास्टवर ती ग्रेड २ला नेमकी बसते.

झोन एकचा आकडा बेस वजा जाता ०.१० च्या आसपास असावा. कमी असेल तर फिल्मचा वेग कमी धरा, १२५ च्या जागी ८० किंवा ६४. झोन आठ फार दाट येत असेल तर डेव्हलपमेंट १० ते १५ टक्के कमी करा आणि चाचणी पुन्हा घ्या. सावल्या एक्सपोजरने सांभाळायच्या, हायलाइट डेव्हलपमेंटने. पायरोतही हा नियम तोच.

कंडेन्सर एन्लार्जर (भिंगांनी प्रकाश एका दिशेत आणणारा) असेल तर एक भर. चांदीचे कण प्रकाश विखुरतात म्हणून कंडेन्सरवर काँट्रास्ट वाढतो. निगेटिव्ह कागदावर टेकवून (काँटॅक्टने) वर काढलेलं माप त्यापेक्षा मऊ असतं. स्टेनचा भाग प्रकाश विखुरत नाही, त्यामुळे पायरोच्या निगेटिव्हवर हा परिणाम साध्या निगेटिव्हपेक्षा कमी होतो. डिफ्यूजन हेड (प्रकाश आधीच विखुरून देणारा) असेल तर ही काळजी जवळपास उरत नाही.

सायनोटाइप आणि सॉल्ट प्रिंटसाठी

हाताने लेप दिलेल्या कागदावर उन्हात छापायच्या या जुन्या पद्धती. इथे प्रकाश अल्ट्राव्हायोलेट असतो आणि स्टेन तो आणखी जोरात अडवतो. कागदाच्या प्रिंटसाठी नेमकी असलेली निगेटिव्ह इथे बरीच दाट वागते, आणि या प्रक्रियांना लांब आवाका हवाच असतो, म्हणून ते फायद्याचं ठरतं. मोजायचं मात्र त्याच प्रक्रियेने. सायनोटाइपचा लेप दिलेल्या कागदावर वेज आणि चाचणीची फिल्म शेजारी ठेवून गच्चीवर उन्हात धरा. मधेच ढग आला तरी दोघांवरही तोच येतो. लेप पूर्ण वाळलेला असू द्या, ओलसर लेप निगेटिव्हला डाग देतो. निळे टोन वेजशी जुळवा आणि आकडे वहीत वेगळ्या रकान्यात लिहा: फिल्म, डेव्हलपर, तापमान, वेळ, कागद, फिल्टर, आणि त्याखाली प्रत्येक झोन.

कागदाचा ब्रँड बदलला, फिल्टरचा संच बदलला किंवा डेव्हलपरची नवी बाटली उघडली की झोन एक, पाच आणि आठ एवढ्या तीन ठशांची चाचणी पुन्हा घ्या. आठ बाय दहाच्या एका कागदाच्या तीन पट्ट्या कापल्या की तेवढ्यात काम होतं.